आईच्या पासबुकाचा हिशेब

पूर्वी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असे आणि त्या कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असे. कुठल्या दिवशी पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर जास्त घेतले, कुठल्या दिवशी दूधवाला आलाच नाही, हे घरातली बाई पेन्सिलीने लिहून ठेवी. महिनाअखेरीस बेरीज होई, दूधवाला समोर उभा राही आणि दोघांची बेरीज जुळली की पैसे दिले जात. यात दूधवाल्यावर कुणी अविश्वास दाखवला, असे त्यालाही कधी वाटले नाही. उलट, हिशेब चोख होता म्हणूनच तोच दूधवाला वीस-वीस वर्षे त्याच घरी दूध घालत राहिला.

तीच बाई आज ऐंशीच्या पुढे गेली आहे. पती गेले. कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा बँकेत जमा होते, पतीच्या फंडाच्या पैशांची मुदत ठेव आहे, राहते घर तिच्या नावावर आहे, गावाकडे थोडीफार जमीनही असेल. आणि या सगळ्याचे काय चालले आहे, हे तिच्या तीन मुलांपैकी दोघांना माहीत नाही. पुष्कळदा तिला स्वतःलाही माहीत नसते. ज्या घरात दुधाचा हिशेब होता, त्याच घरात आईच्या आयुष्यभराच्या पुंजीचा हिशेब विचारणे मात्र असभ्यपणाचे मानले जाते. ‘सख्ख्या भावावर संशय घेतेस?’ या एका प्रश्नापुढे सगळे प्रश्न संपतात. आणि नेमके तिथेच बिघडायला सुरुवात होते.

एक घर, तीन भावंडे

एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर कुणा एकाचे नाही. अनेक घरांचे तुकडे जोडून ते उभे केले आहे. वाचकांपैकी काहींना ते शेजारचे वाटेल, काहींना स्वतःचे. वडील शिक्षक होते, निवृत्तीनंतर काही वर्षांनी गेले. थोरला मुलगा परदेशात, मधली मुलगी लग्न होऊन नाशिकला, धाकटा सांगलीत आईजवळ. आईचे गुडघे गेले, तेव्हा बँकेत जाण्याचे काम धाकट्याकडे आले. आधी आई चेकवर सही करी आणि तो पैसे आणी. मग एटीएमचे कार्ड आले, ते त्याच्या पाकिटात राहू लागले. मग बँकेने मोबाइल क्रमांक मागितला. आईला मोबाइल नीट वापरता येत नाही म्हणून त्याने आपला दिला. त्या दिवसापासून खात्यातून पैसे निघाल्याचा संदेश आईला यायचा बंद झाला.

पुढे त्याच्या दुकानात अडचण आली. एक ठेव मोडली. ‘तीन महिन्यांत परत भरतो’ असे तो आईला म्हणाला, आणि त्या वेळी ते तो मनापासूनच म्हणाला असेल. तीन महिन्यांचे तीन वर्षे झाली. मग मुलीच्या शिक्षणासाठी दुसरी ठेव गेली. मग एके दिवशी ‘सारखे सारखे तुला न्यायला नको’ म्हणून कुलमुखत्यारपत्र झाले, आणि शेवटी राहत्या घराचे बक्षीसपत्र. प्रत्येक पायरीवर आईची सही आहे. कुठेही बळजबरी नाही, आरडाओरडा नाही.

बहिणीला हे कळले ते आईचे खुब्याचे हाड मोडल्यावर. रुग्णालयात अनामत भरायची वेळ आली. धाकटा म्हणाला, ‘ताई, आपण तिघांनी वाटून घेऊ.’ ती म्हणाली, ‘वाटून कशाला? आईची ठेव आहे ना?’ पलीकडे जी शांतता पसरली, त्या शांततेत सगळे सांगून झाले होते.

त्यानंतरचा संवादही आपल्या परिचयाचा आहे. ‘तू आईचे पैसे खाल्लेस.’ ‘ताई, तू वर्षातून दोनदा येतेस. आईला रात्री तीनदा उठवावं लागतं, तिचे कपडे बदलावे लागतात, ते कोण करतं? तुझी वहिनी करते. त्याचा हिशेब देशील का?’ आणि थोरल्या भावाचा परदेशातून फोन: ‘मला यात पडायचं नाही. पण घराचं काय झालं, तेवढं मला कळलं पाहिजे.’

दोन्ही बाजूंची न लिहिलेली बिले

अशा घरात खलनायक शोधणे सोपे असते. नटसम्राट गणपतराव बेलवलकरांची कथा वि. वा. शिरवाडकरांनी १९७० साली रंगभूमीवर आणली, तेव्हापासून तर कृतघ्न अपत्य ओळखण्याची आपल्याला चांगलीच सवय झाली आहे. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बेलवलकरांनी आपली पुंजी शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि मुलांसमक्ष वाटून टाकली. आजच्या पुष्कळ घरांत वाटप होते ते कुणाला न कळता, सवडीसवडीने. आणि देणाऱ्यालाही आपण देत आहोत याची पुरती जाणीव नसते.

शिवाय आजच्या घरातला ‘खाणारा’ आणि ‘सांभाळणारा’ हे बहुधा एकच असतात. ही या प्रश्नातली खरी अवघड गाठ आहे. जो रात्री उठतो, त्याच्याच हाती कार्ड असते. जो दूर आहे, त्याचे हात स्वच्छ आहेत हे खरे. पण ते रिकामेही आहेत. सांभाळणाऱ्याच्या मनात एक बिल तयार होत असते: माझी नोकरीची संधी गेली, बायकोची दहा वर्षे गेली, आम्ही कुठे चार दिवस फिरायला गेलो नाही. हे बिल तो कधी कुणाला दाखवत नाही. पण आईच्या खात्यातून त्याची वसुली सुरू करतो. दूरच्या भावंडांच्या मनातही एक बिल असते: हा इतकी वर्षे आईच्या घरात फुकट राहिला. तेही कुणी दाखवत नाही. दोन्ही बिले खरी असतात आणि दोन्ही न लिहिलेली असतात. न लिहिलेल्या बिलाची रक्कम दरवर्षी वाढत जाते, कारण तिला मर्यादा घालणारे कुणी नसते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट करायला हवी. सेवेचा मोबदला घेणे आणि पैसे लाटणे यांत फरक रकमेचा नाही. फरक आहे तो उघडपणाचा. आईच्या संमतीने, सर्व भावंडांना सांगून, दरमहा ठरावीक रक्कम सांभाळणाऱ्या सुनेला दिली तर त्यात गैर काही नाही. उलट ते अधिक न्याय्य आहे. बाहेरून बाई ठेवली तर तिला पगार द्यावा लागतोच. मात्र तीच रक्कम न सांगता काढली की तिचे नाव बदलते.

पैसे कोणाचे?

दुसरी गोष्ट दूरच्या भावंडांनी ऐकायची आहे, आणि ती थोडी कडू आहे. ‘माझा वाटा त्याने खाल्ला’ हे वाक्य आई हयात असताना बहुधा कायद्याने चुकीचे असते. आईची स्वतःची मालमत्ता, मग ती तिने कमावलेली असो, पतीकडून मृत्युपत्राने मिळालेली असो की वारशाने तिच्या वाट्याला आलेली असो, तिची एकटीची असते. तिच्या हयातीत त्यावर कुठल्याही मुलाचा हक्क नसतो. ती उद्या सगळे पैसे देवस्थानाला देऊन मोकळी झाली, तरी मुलांना ते अडवता येत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची गोष्ट वेगळी. तिथे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींनाही मुलांसारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. तो हक्क मिळण्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये दिला.

हा भेद केवळ वकिलांच्या कामाचा नाही. त्यामुळे प्रश्नच बदलतो. ‘माझा वाटा कुठे गेला?’ हा प्रश्न घेऊन बहीण उभी राहिली, तर भाऊ लगेच म्हणतो, ‘बघ, तुला आईची नाही, इस्टेटीची काळजी आहे.’ आणि त्यात थोडे तथ्यही असते. ‘आईचे पैसे आईसाठी वापरले जात आहेत का?’ हा प्रश्न मात्र निराळा आहे. तो विचारण्याचा अधिकार प्रत्येक अपत्याला आहे, आणि त्याला उत्तर देणे हे हाती कार्ड असलेल्याचे कर्तव्य आहे. तिची औषधे येतात का? तिचा चष्मा बदलला का? रात्रीची बाई ठेवायला पैसे नाहीत असे सांगितले जाते, ते खरोखर नाहीत की काढले गेले आहेत? भांडण या प्रश्नांवर आणले, तर ते भांडण राहत नाही.

कागदांची साखळी

आता कागदांकडे वळू. पहिला कागद म्हणजे खात्यावरचे दुसरे नाव आणि नामनिर्देशन. ‘दोघांपैकी कुणीही’ पैसे काढू शकेल, अशी सोय बँक देते ती सोयीसाठी. नामनिर्देशनाचेही तसेच. ज्याचे नाव लावले तो मालक झाला, असा समज घरोघरी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते ती खऱ्या वारसांच्या वतीने.

दुसरा कागद मुखत्यारपत्राचा. हा कागद देणाऱ्याच्या इच्छेवर उभा असतो. तो कधीही रद्द करता येतो आणि देणारा मरण पावला की तो संपतो. पण आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की ते अधिकारही संपतात. म्हणजे आईला स्मृतिभ्रंश होऊन तिला व्यवहार कळेनासे झाले की कायद्याच्या दृष्टीने मुलाच्या हातातला कागद निकामी होतो. व्यवहारात मात्र नेमका त्याच वेळेपासून तो सर्वाधिक वापरला जातो, कारण आता विचारणारे कुणी उरलेले नसते.

ही स्थिती अपवादाची नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. अशा लाखो माणसांचे बँक व्यवहार कुणीतरी करतच आहे. ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न आपण कुटुंबाच्या उंबऱ्याआड ठेवून दिला आहे.

कायद्यानेही येथे एक दार बंद करून दुसरे उघडलेले नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो जुना कायदा रद्द केला. नव्या कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो. मालमत्तेसाठी तशी तरतूद नाही. परिणामी आज अशा आईच्या घराचा व्यवहार रीतसर करायचा, तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. सामान्य घर तेथवर जात नाही. ते जुन्याच कागदावर आणि थरथरत्या अंगठ्यावर काम भागवते.

तिसरा कागद बक्षीसपत्राचा. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस द्यायची असेल, तर महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. इतर अधिभार वेगळे. सवलत चांगल्या हेतूने दिली गेली, आणि अनेक कुटुंबांना तिचा लाभही झाला. पण तिच्यामुळे घर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाणे फार स्वस्त झाले, हेही खरे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ओळख पटवतात, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतात, सही तुमचीच का असे विचारतात. समोरची व्यक्ती भ्रमिष्ट दिसली तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार निबंधकाला आहे. पण सुरुवातीचा स्मृतिभ्रंश दोन मिनिटांत ओळखू येत नाही. वृद्ध माणूस हसून मान हलवतो. त्या मान हलवण्याची किंमत मागाहून कळते.

कायदा दार उघडतो, पण आत आईनेच जायचे

मग कायदा काही करत नाही का? करतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर न्यायाधिकरण असते. अर्ज साधा असतो. आई-वडील असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. मूळ कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये घातलेली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले कलम २३ सर्वांत महत्त्वाचे. ‘मला सांभाळशील’ या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असे मानून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकते. पण अट होती हे दाखवावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठासून सांगितली: अट सिद्ध झाली नाही, तर कलम २३ लागू होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द करताना, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगितले आणि घराचा ताबा परत देववण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकारही मान्य केला. त्या प्रकरणातही आईला सांभाळण्याचे लेखी वचन होते, हे विसरता कामा नये. आपल्याकडच्या बहुतेक बक्षीसपत्रांत मात्र ‘प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ एवढेच शब्द असतात. प्रेमाचा उल्लेख असतो, जेवणाचा नसतो.

आणि सगळ्यात मोठा अडथळा कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा आहे. अर्ज करायचा तो आईने. आई मुलाविरुद्ध अर्ज करत नाही. ‘गेले तर गेले पैसे, घरातलेच माणूस आहे’ असे ती म्हणते. त्यात माया असते आणि भीतीही असते. उद्या पाणी कोण देणार, ही भीती. मुलगी तिला घेऊन प्रांत कार्यालयात गेली, तरी परतायचे त्याच घरी असते.

उलट बाजूही आहे. एका भावाला घराबाहेर काढण्यासाठी दुसरे भाऊ आईच्या नावाने अर्ज करतात, अशीही प्रकरणे न्यायाधिकरणांपुढे येतात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागले की सुनेचा राहत्या घरावरचा हक्क डावलण्याचे हत्यार म्हणून या कायद्याचा वापर करता येणार नाही. आईसाठी केलेला कायदा भावंडांच्या भांडणातली काठी झाला, की आई पुन्हा बाजूलाच पडते.

आपल्या शेजारच्या गोव्यात परंपरा थोडी निराळी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या वारसा कायद्यात मुलांचा अर्ध्या मालमत्तेवरचा हक्क मृत्युपत्रानेही हिरावता येत नाही, आणि आई-वडिलांना एका अपत्याला मालमत्ता विकायची असेल तर इतर अपत्यांची संमती लागते. त्या पद्धतीचेही तोटे आहेत. वारसांच्या सह्या जमत नाहीत म्हणून तिथे अनेक घरे पडीक राहतात. पण त्यातला एक विचार घेण्यासारखा आहे. एका मुलाशी केलेला व्यवहार इतर मुलांना कळलाच पाहिजे. हा विचार अमलात आणायला नवा कायदा लागत नाही. घरातल्या घरात तो आजही पाळता येतो.

माहेर तुटण्याची भीती

या साऱ्या प्रकारात सर्वांत गप्प कोण बसते, तर बहीण. वडिलांचे दिवस होतात न होतात तोच तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. ‘सही कर, नुसती फॉरमॅलिटी आहे.’ ती वाचत नाही, कारण वाचायला घेणे हाच अपमान समजला जातो. सही केली तर हक्क जातो, न केली तर माहेर जाते. दिवाळीला भाऊबीजेचे ताट घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न तिला सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा मोठा वाटतो. पुढे आईच्या पैशांचे काहीतरी चालले आहे हे दिसू लागते, तेव्हाही ती बोलत नाही. ‘हक्क सोडलास, आता कशाला बोलतेस?’ हे ऐकावे लागेल म्हणून.

वास्तविक हक्क सोडला म्हणून आई सोडलेली नसते. तिच्या औषधांची, तिच्या निवृत्तिवेतनाची चौकशी करायला वाटा असावा लागत नाही, नाते पुरते. ही गोष्ट बहिणींनी स्वतःशी एकदा पक्की करायला हवी.

वही घालायची वेळ

मग करायचे काय? हा प्रश्न भांडण झाल्यावर विचारला तर उत्तर न्यायालयाकडे असते, आणि ते फार उशिरा येते. आई धडधाकट असताना विचारला तर उत्तर घरातच आहे.

आईच्या सत्तरीनंतर एका दिवाळीत सर्व भावंडांनी तिच्यासमोर बसावे आणि एक यादी करावी: खाती, ठेवी, विमा, घर, जमीन, दागिने, देणी. आईने आपल्याला काय हवे ते सांगावे, शक्यतो लिहावे. त्याच बैठकीत ठरावे की हिशेब कोण पाहील आणि त्याला सांभाळण्याचे काय द्यायचे. बँकेचे संदेश एकाच्या मोबाइलवर जात असतील, तर ईमेल दुसऱ्याचा द्यावा. मुखत्यारपत्र द्यावेच लागले तर ते सर्व गोष्टींचे न देता एका कामापुरते द्यावे. घर हयातीत बक्षीस देण्याची घाई करू नये. त्याऐवजी मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि मन बदलले तर ते बदलता येते. ज्याला लाभ होणार त्यानेच वकील गाठून, गाडीत घालून, मृत्युपत्र करून घेतले, तर न्यायालय अशा कागदाकडे संशयाने पाहते, हेही लक्षात असावे. आणि बक्षीसपत्र द्यायचेच असेल, तर ‘हयातभर याच घरात राहण्याचा आणि सांभाळ करून घेण्याचा हक्क राखून’ हे शब्द त्यात हवेतच.

गावच्या जमिनीची काळजी असेल, तर फेरफाराची नोटीस लागल्यापासून हरकतीसाठी १५ दिवस मिळतात हे ध्यानात ठेवावे. ही नोटीस आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर नाशिकला किंवा परदेशात बसूनही पाहता येते.

आणि पाणी डोक्यावरून गेलेच असेल तर? आईची समज शाबूत असेल, तर तिला घेऊन बँकेत जावे, खात्याचा उतारा घ्यावा, मोबाइल क्रमांक बदलावा, मुखत्यारपत्र लेखी रद्द करावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर सल्ला मिळतो. पण हे करताना तिला राहायला कुठे नेणार, याचे उत्तर आधी तयार हवे. ज्या भावंडाकडे ते उत्तर नाही, त्याने भावाच्या दारात उभे राहून मोठा आवाज करू नये.

दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी आईला बँकेत न्यावे लागे. वर्षातून एकदा का होईना, साहेब तिला ‘कशा आहात?’ असे विचारी. आता तो दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मोठीच सोय झाली. पण ती जिवंत आहे एवढेच त्या यंत्राला कळते. तिला औषध मिळते का, तिच्या पैशांतून तिचेच भागते का, हे विचारणे घरच्यांनाच करावे लागेल.

त्यासाठी फार काही लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. निवृत्तिवेतन किती आले, औषधांना किती गेले, बाईला किती दिले, सुनेच्या हाती किती ठेवले. महिनाअखेरीस बेरीज, आणि त्या पानाचे छायाचित्र तिन्ही भावंडांना. ही वही सर्वांत आधी वाचवील ती सांभाळणाऱ्या भावालाच. उद्या कुणी बोट दाखवले, तर तो वही पुढे करील. आणि दूरच्या भावंडांना तिच्या पानापानांवर दिसेल की दर महिन्याला किती रात्री कुणी जागून काढल्या.

दुधाचा हिशेब लिहिणाऱ्या त्या बाईने दूधवाल्याला कधी चोर म्हटले नाही. तिला म्हणावेच लागले नाही, कारण बेरीज रोज तिच्या डोळ्यांसमोर होती.